स्वतंत्र मतदार आणि इंग्लंडांतील जुन्या मतनोंदवह्या

कायदेमंडळाची निवडणूक जवळ आली म्हणजे वर्तमानपत्रांतून एका गृहस्थाचा उल्लेख हटकून येऊं लागतो. हा गृहस्थ कोणत्याहि पक्षाचा बांधलेला नसतो, कोणाच्या सभेंत टाळ्या वाजवीत नाहीं, व शेवटच्या दिवसापर्यंत मनांतलें बोलून दाखवीत नाहीं. त्यास स्वतंत्र मतदार म्हणतात. निकाल लागल्यावर जेता त्याचे आभार मानतो आणि पराभूत पक्ष त्याच्याच माथीं खापर फोडतो. परंतु या गृहस्थास प्रत्यक्ष पाहिलें कोणीं? त्रैमासिकाच्या वाचकांस हा प्रश्न सुचणें साहजिक आहे. कारण एखाद्या वतनाचा उगम कोणीं कितीहि आत्मविश्वासानें सांगितला, तरी 'कागद दाखवा' असें म्हणण्याची आपणां सर्वांस खोड आहे. स्वतंत्र मतदाराच्या बाबतींतहि तोच आग्रह आम्हीं धरून पाहिला. आणि असें आढळलें कीं, इंग्लंडांत सुमारें पावणेदोनशें वर्षें असा कागद खरोखरीच होत असे.

तो कागद म्हणजे तेथील 'पोल-बुक'. आपण त्यास मतनोंदवही म्हणूं. तिचें स्वरूप काय, तिजवरून स्वतंत्र मतदाराचा प्रभाव कितपत सिद्ध होतो, आणि १८७२ सालीं ही साधनपरंपरा एकाएकीं कां तुटली, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

इंग्लंडांत त्या सालापर्यंत पार्लमेंटच्या निवडणुकीचें मतदान उघड होत असे. मतदार लांकडी मंचावर चढे, आपलें नांव, गांव व मताधिकाराचा आधार सांगे, आणि ज्यास मत द्यावयाचें त्याचें नांव जमलेल्या लोकांसमक्ष उच्चारी. कारकून तें वहींत उतरून घेई. निकाल जाहीर करतांना अधिकाऱ्यांनीं लबाडी करूं नये म्हणून १६९६ च्या कायद्यानें काउंट्यांच्या शेरीफांवर दोन बंधनें घातलीं : मतें लेखी नोंदवावयाचीं, आणि मागेल त्यास वाजवी मोबदला घेऊन नोंदीची नक्कल द्यावयाची. १७११ च्या कायद्यानें या वह्या काउंटीच्या दप्तरांत जमा करण्याचा नियम झाला. नक्कल मागण्याचा हक्क मिळतांच स्थानिक छापखानेवाल्यांस एक नवाच धंदा मिळाला, आणि मोठ्या चुरशीच्या निवडणुकींच्या नोंदवह्या छापून विकल्या जाऊं लागल्या. सरकारनें लबाडीस आळा घालण्यासाठीं केलेला नियम, त्यांतून इतिहासाचें साधन आपोआप निपजलें. जमाबंदीच्या कागदांचें आपल्याकडे झालें तेंच हें.

छापील प्रतीचें पान अगदीं साधें असतें. डावीकडे मतदाराचें नांव, त्यापुढें राहण्याचें ठिकाण, पुष्कळदां धंदा. उजवीकडे उमेदवारांच्या नांवांखालीं उभे रकाने. ज्यास मत दिलें त्याच्या रकान्यांत एक लहानशी आडवी रेघ. न्हावी, चांभार, पाववाले, धर्मोपदेशक, सराईवाले असे हजारों लोक, ज्यांचा दुसरा कोणताहि कागद बहुधा मागें राहिला नाहीं, ते येथें एका रेघेपुरते बोलून जातात. ज्यांनीं आपल्याकडील महजर हाताळले आहेत त्यांस हें पान परकें वाटूं नये. महजरांतहि निवाड्याइतकीच साक्षींची यादी महत्त्वाची असते. देशमुख, देशपांडे, पाटील, कुळकर्णी, बलुते यांपैकीं कोण कोण हजर होतें, कोणीं नांगराची निशाणी केली, कोणाचें नांव असावयास हवें असून नाहीं, यावरून गोताचें वजन कोणीकडे होतें तें कळतें. फरक इतकाच कीं, महजरांत गोत एकमुखानें बोलतें. मतनोंदवहींत शेजाऱ्याशेजाऱ्यांतला मतभेद जसाच्या तसा उतरलेला असतो.

आतां त्या रेघांचें वाचन कसें करावयाचें तें सांगतों. इंग्लंडांतील बहुतेक मतदारसंघांतून दोन सभासद निवडावयाचे असत, व म्हणून प्रत्येक मतदारास दोन मतें असत. दोन्ही मतें एकाच पक्षाच्या जोडीस पडलीं तर मतदार पक्षनिष्ठ समजावा. एकच मत देऊन दुसरें कोणासहि न देणें यास 'प्लंपर' म्हणत. आपल्या आवडत्या उमेदवाराच्या प्रतिस्पर्ध्यास चुकूनहि साहाय्य होऊं नये, हा त्यांतला हेतु. आणि एक मत या पक्षास व दुसरें त्या पक्षास दिलें, तर तें दुभंगलेलें मत. स्वतंत्र मतदार सांपडावयाचा तर या तिसऱ्या प्रकारांत सांपडेल, अशी वाचकाची प्रथम समजूत होते. आमचीहि झाली होती. ती कितपत टिकते तें पुढें येईलच.

परंतु त्याआधीं 'स्वतंत्र' या शब्दाची त्या काळची छटा ध्यानांत घेतली पाहिजे. पाणिनीनें कर्त्याची व्याख्या करतांना हाच शब्द योजिला आहे : क्रियेच्या बाबतींत जो दुसऱ्याच्या तंत्रानें चालत नाहीं, तो कर्ता. अठराव्या शतकांतील इंग्रजाच्या मनांतील अर्थ याहून फार वेगळा नव्हता, फक्त तो अधिक रोकडा होता. ज्याचें पोट दुसऱ्याच्या मर्जीवर नाहीं, तो स्वतंत्र. पंधराव्या शतकांत, १४३० च्या सुमारास, काउंटींतील मताधिकार वर्षास चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असणारासच ठेवण्यांत आला, त्याच्या मुळाशीं हीच कल्पना होती. पक्षाशीं संबंध नसणें, हा आजचा अर्थ तेव्हां दुय्यम होता. जमीनदार, नगरपालिका व सरकारी खातें यांच्या दडपणाबाहेर असणें हा मुख्य.

या अर्थानें स्वतंत्र मतदारांचा प्रभाव कोठें पाहावयाचा तर तो लंडनलगतच्या वेस्टमिन्स्टर मतदारसंघांत. तेथें कर भरणाऱ्या प्रत्येक घरधन्यास मत होतें; त्यामुळें कारागीर व दुकानदार यांचा मोठा भरणा होता. दुसऱ्या बाजूस राजवाडा, पार्लमेंट व सरकारी कचेऱ्याहि तेथेंच. म्हणजे दरबारच्या गिऱ्हाइकीवर जगणारेहि थोडे नव्हते. १७४१ च्या निवडणुकींत दरबारच्या दोन उमेदवारांविरुद्ध नाविक सेनापति व्हर्नन व चार्ल्स एडविन हे उभे केले गेले. विरोधकांचीं मतें वाढत चाललीं आहेत असें दिसतांच हाय बेलिफानें मतदान मध्येंच बंद केलें, आणि बंदोबस्तास सैनिक आणविले गेले. मतदारांनीं कॉमन्स सभेकडे तक्रार-अर्ज केला. १७४१ च्या डिसेंबरांत सभेनें ती निवडणूक अवघ्या चार मतांच्या आधिक्यानें रद्द ठरविली, व हाय बेलिफास अटकेंत ठेविलें. मुख्य प्रधान वॉलपोल याचें आसन डळमळीत झालेलेंच होतें; अशा लागोपाठ पराभवांनंतर १७४२ च्या फेब्रुवारींत त्यानें राजीनामा दिला. वीस वर्षांची सत्ता कांहीं केवळ वेस्टमिन्स्टरच्या दुकानदारांनीं उलथली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु उलथणाऱ्या हातांत त्यांचा हात होता, हें निश्चित.

पुढें जें झालें तें मोठें मौजेचें आहे. या मतदारांनीं 'वेस्टमिन्स्टरच्या स्वतंत्र मतदारांचा संघ' स्थापिला. त्याच्या मेजवान्या होऊं लागल्या, उमेदवार ठरूं लागले. म्हणजे पक्षापासून अलिप्त असणारांचाच एक पक्ष झाला! १७४९ च्या पोटनिवडणुकींत याच मंडळींनीं लॉर्ड ट्रेंथम याच्याविरुद्ध सर जॉर्ज व्हँडेपुट यास उभें केलें. ट्रेंथम हा ड्यूक ऑफ बेडफर्ड याचा मेहुणा, आणि कॉव्हेंट गार्डन भागांतील घरांचा मोठा मालक तो ड्यूक. घरमालकाच्या मेहुण्याविरुद्ध मत द्यावयाचें आणि तेंहि मोठ्यानें नांव घेऊन! त्या निवडणुकीची छापील मतनोंदवही उपलब्ध आहे. तींत नांव, रस्ता व धंदा दिलेला असल्यामुळें कोणत्या आळींतील कोण दुकानदार मालकास सोडून गेला, हें आज पावणेतीनशें वर्षांनंतरहि बोट ठेवून दाखवितां येतें. ट्रेंथम निवडून आला. तरी अशा मतदारांची संख्या इतकी होती कीं, फेरतपासणीचें प्रकरण दीर्घकाळ चिघळत राहिलें.

१८०७ सालीं त्याच वेस्टमिन्स्टरांत चेअरिंग क्रॉसचा शिंपी फ्रॅन्सिस प्लेस व त्याचे सोबती यांनीं वर्गणी जमवून, उमेदवारास एक पेनीचाहि खर्च न करूं देतां, सर फ्रॅन्सिस बर्डेट यास उभें केलें. बर्डेट यास ५,१३४ मतें पडलीं. दुसरी जागा लॉर्ड कॉक्रेन यास ३,७०८ मतांनीं मिळाली, आणि विख्यात नाटककार व वक्ता शेरिडन २,६१५ मतांवर मागें पडला. या आंकड्यांत एक गोष्ट उघड दिसते : बर्डेट व कॉक्रेन यांमध्यें जवळजवळ दीड हजारांचें अंतर आहे. कॉक्रेनहि सुधारणावादीच होता. तथापि बर्डेटच्या पुष्कळ मतदारांनीं दुसरें मत त्यास दिलें नाहीं. कोणीं तें वापरलेंच नाहीं, कोणीं दुसरीकडे दिलें.

त्याच वर्षीं यॉर्कशरमध्यें झालेली निवडणूक मात्र आमच्या मतें या विषयांत सर्वांत बोधप्रद आहे, म्हणून तिजवर थोडें अधिक थांबतों. इतकी मोठी काउंटी, परंतु तेथें त्यापूर्वीं साठांहून अधिक वर्षें प्रत्यक्ष मतदान झालेंच नव्हतें. बडीं घराणीं आपसांत जागा वांटून घेत, आणि मतदारास, स्वतंत्र असो वा परतंत्र, तोंड उघडण्याचा प्रसंगच येत नसे. प्रभावाची चर्चा करणारे ही गोष्ट सहसा विसरतात. लढतच नसेल तर मतदाराचें स्वातंत्र्य पेटींत ठेवलेल्या दागिन्यासारखें असतें. १८०७ सालीं फिट्झविल्यम घराण्याचा लॉर्ड मिल्टन व हेअरवुड घराण्याचा लॅसेल्स हे दोघे एकमेकांवर उठले, आणि तिसरा होता विल्यम विल्बरफोर्स. गुलामांच्या व्यापारास बंदी करणारा कायदा त्याच वर्षीं मार्च महिन्यांत त्याच्या वीस वर्षांच्या खटपटीनें झाला होता. लॅसेल्स घराण्याचे वेस्ट इंडीजमध्यें उंसाचे मळे होते, व कापड विणणारे कारागीर त्याच्यावर वेगळ्याच कारणानें रुष्ट होते.

यॉर्क येथें पंधरा दिवस मतदान चाललें. दोन्ही घराण्यांनीं मिळून सुमारें दोन लाख पौंड उधळले, असा त्या वेळचा अंदाज आहे. दूरदूरचे फ्रीहोल्डर गाड्याघोड्यांवरून आणावयाचे, त्यांस राहवावयाचें, जेवूं घालावयाचें, हा सर्व खर्च उमेदवाराचा. विल्बरफोर्सपाशीं तेवढी दौलत नव्हती. त्याच्या पाठिराख्यांनीं वर्गणी उभारली. आरंभीं तो मागें होता. शेवटीं मतें पडलीं तीं अशीं : विल्बरफोर्स ११,८०६, मिल्टन ११,१७७, आणि लॅसेल्स सुमारें १९० मतांनीं मिल्टनच्या मागें. एकंदर मतदार तेवीस हजारांच्या आसपास. विल्बरफोर्स पहिला आला तो अशामुळें कीं, मिल्टनचे कांहीं लोक व लॅसेल्सचे कांहीं लोक, जे परस्परांचें तोंड पाहावयास तयार नव्हते, त्या दोघांनींहि आपलें दुसरें मत त्यास दिलें. ही निवडणूकहि छापील मतनोंदवहींत उतरलेली आहे. पक्षांच्या रांगांतून बाहेर येऊन मधल्या माणसास उचलून धरणारे मतदार येथें हजारोंनीं दिसतात, आणि दुसरी जागा मिल्टनची कीं लॅसेल्सची, हा निर्णय दोनशेंहून कमी मतांवर लटकलेला होता.

येथें शंका उपस्थित केली पाहिजे. दुभंगलेलें मत म्हणजे स्वतंत्र बुद्धीचें मत, असें धरून चालावें काय? जो जो आम्ही या विषयांत खोल गेलों तों तों हें गृहीत पोकळ वाटूं लागलें. पुष्कळ काउंट्यांत अशी रीत होती कीं, कुळाचें एक मत जमीनदाराचें आणि दुसरें त्याचें स्वतःचें. असें मत वहींत दुभंगलेलें दिसतें. पण त्याचा अर्धा भाग हुकमी असतो. नगरांत कांहीं मतदार दोन्ही बाजूंकडून लांच घेत व इमानानें दोघांसहि एक एक मत देत! वहींतील रेघ दोन्ही ठिकाणीं सारखीच. उलटपक्षीं, दोन्ही मतें एकाच जोडीस देणारा पक्षाचा दास असेलच असेंहि नाहीं. त्यानें विचार करूनच ती जोडी निवडली असेल. रेघ काय झालें तें सांगते, कां झालें तें सांगत नाहीं. न्यायशास्त्राच्या परिभाषेंत बोलावयाचें तर, प्रत्यक्ष हातीं आहे, परंतु हेतु साध्यास सोडून अन्यत्रहि राहतो; असा हेतु व्यभिचारी.

अलीकडील संशोधकांनीं यावर एक उपाय काढला आहे, तो आपल्या कामांतहि उपयोगी पडण्यासारखा आहे. एकाच निवडणुकीची वही न वाचतां त्याच गांवच्या लागोपाठच्या वह्या घ्यावयाच्या, आणि तोच मनुष्य एका निवडणुकींतून दुसरींत काय करतो हें नांवानिशीं जुळवून पाहावयाचें. जॉन फिलिप्स यानें १९८२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत नॉर्विच, मेडस्टन, नॉर्दम्प्टन व लुइस या चार गांवांबाबत संगणकाच्या साहाय्यानें हें काम केलें. त्यापूर्वीं, १९६७ सालीं, जॉन व्हिन्सेंट यानें एकोणिसाव्या शतकांतील वह्यांवरून धंदेवार मतें मांडलीं होतीं. त्यांत खाटीक बहुधा टोरी व चांभार बहुधा सुधारणावादी आढळले. धंद्यावरून कल ओळखतां येत असेल तर व्यक्तीचें स्वातंत्र्य किती उरलें, असा प्रश्न येतोच. आमचें मत असें कीं, उरलें; कारण टोरी चांभार व सुधारणावादी खाटीकहि त्याच पानांवर आहेत, आणि आपल्या आळीच्या उलट मत मोठ्यानें सांगून ते त्याच आळींत परत गेले.

परत गेल्यावर त्यांचें काय झालें, हें मात्र मतनोंदवहींत नसतें. त्यासाठीं दुसरे कागद पाहावे लागतात.

आयर्लंडांतील क्लेअर काउंटींत १८२८ सालीं पोटनिवडणूक झाली. एका बाजूस मंत्रिमंडळांत नुकताच घेतलेला, स्वतः वाईट नव्हे असा जमीनदार व्हेसी फिट्झजेरल्ड. दुसऱ्या बाजूस डॅनिएल ओकॉनेल, जो कॅथॉलिक असल्यामुळें निवडून आला तरी पार्लमेंटांत बसूं शकणार नव्हता. मतदार बहुतेक चाळीस शिलिंगवालीं गरीब कुळें. जमीनदारांनीं हीं मतें आपल्या मुठींत ठेवण्यासाठींच वाढविलीं होतीं, आणि निवडणुकीच्या दिवशीं ते कुळांस मेंढरांसारखे हांकीत नेत. त्या वेळीं तीं मेंढरें उलटलीं. ओकॉनेल यास २,०५७ मतें पडलीं, फिट्झजेरल्ड यास ९८२. कुळें जमीनदारास सोडून धर्मगुरूच्या मागें गेलीं, हें काय स्वातंत्र्य, असें त्या वेळीं विचारलें गेलें व अजूनहि विचारलें जातें. प्रश्न खरा आहे. परंतु धर्मगुरूच्या हातीं जमीन काढून घेण्याची सत्ता नव्हती, ती ज्याच्या हातीं होती त्याच्याविरुद्ध त्यांनीं त्याच्या देखत तोंड उघडलें, एवढें लक्षांत ठेवूनच उत्तर द्यावें.

परिणाम दुहेरी झाला. पुढच्याच वर्षीं, १८२९ सालीं, सरकारला कॅथॉलिकांस पार्लमेंट खुलें करावें लागलें. आणि त्याच वेळीं दुसऱ्या कायद्यानें आयर्लंडच्या काउंट्यांतील मताधिकार चाळीस शिलिंगांवरून दहा पौंडांवर नेण्यांत आला. दोन लाखांवर असलेले मतदार सुमारें ३७ हजारांवर आले. ज्यांनीं दार उघडलें तेच बाहेर राहिले. स्वतंत्र मतदाराच्या प्रभावाचा याहून मोठा पुरावा आम्हांस ठाऊक नाहीं : ज्याचा कांहींच प्रभाव नाहीं त्याचा हक्क काढून घेण्याचे श्रम कोणी करीत नाहीं.

त्याच १८२९ सालीं इंग्लंडांत न्यूआर्क येथें ड्यूक ऑफ न्यूकॅसल यानें आपल्या उमेदवाराविरुद्ध मत देणाऱ्या भाडेकऱ्यांस घराबाहेर काढलें. त्यावर ओरड झाली तेव्हां, आपल्या मालमत्तेचें आपण हवें तें करूं नये काय, अशा अर्थाचा प्रश्न त्यानें उलट केला. तो पुढें कित्येक वर्षें सुधारणावाद्यांच्या सभांतून गाजत होता. वेल्समध्यें १८६८ च्या निवडणुकीनंतर अनेक शेतकऱ्यांच्या जमिनी अशाच गेल्या, व त्यांच्या हकिकती पार्लमेंटच्या समितीपुढें आल्या. कोणीं कोणास मत दिलें हें जमीनदाराच्या कारभाऱ्यास कळण्यास कांहीं हेर ठेवावे लागत नव्हते. मतनोंदवही पाहिली कीं झालें. ज्या छापील पुस्तकावर आज आम्ही ममतेनें हात फिरवितों, तेंच त्या काळीं सुडाची यादी म्हणून वापरतां येत असे.

गुप्त कीं उघड, हा वाद इंग्लंडांतच प्रथम निघाला असें कोणी समजूं नये. विनयपिटकाच्या चुल्लवग्गांत संघामध्यें मतें घेण्याची रीति सांगितली आहे. मत म्हणजे शलाका. आणि ती घेण्याचे प्रकार तीन : गूढ, कानांत कुजबुजून, आणि उघड. गूढ प्रकारांत निरनिराळ्या रंगांच्या शलाका ठेवून, हवी ती घे व कोणास दाखवूं नको, असें भिक्षूस सांगावयाचें. शलाका घेणारा अधिकारी पक्षपात, द्वेष, मोह व भय यांपासून मुक्त असावा असा नियम आहे. पण त्याच प्रकरणांत असेंहि आहे कीं, अधर्माच्या बाजूच्या शलाका अधिक भरल्या तर त्यानें तें मतदानच अयोग्य म्हणून बाजूस सारावें! गुप्ततेवर विश्वास, पण गुप्ततेंत काय निघेल त्यावर नाहीं. चाळीस वर्षें वर्गांत घालविलेल्या माणसास यांत नवल वाटत नाहीं. वर्गप्रमुख निवडतांना हात वर करावयास सांगितले कीं मुलें आधीं दांडग्या मुलाच्या हाताकडे पाहत, आणि चिठ्ठ्या टाकावयास सांगितल्या कीं निकाल भलताच लागे. आम्हीं स्वतः एकदोनदां चिठ्ठ्या पुन्हां टाकविल्याचें स्मरतें.

इंग्लंडांत १८३८ च्या चार्टिस्ट मागण्यांत गुप्त मतदान होतें. जॉन स्टुअर्ट मिल तरुणपणीं त्याच बाजूचा होता. परंतु १८६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रातिनिधिक राज्यपद्धतीवरील ग्रंथांत त्यानें उलट पक्ष घेतला. मत ही मतदाराची मिळकत नसून त्याजकडे सोंपविलेली ठेव आहे. ज्यांस मत नाहीं त्यांच्यासाठींहि तो बोलतो, तेव्हां त्यानें त्यांच्या देखत बोलावें, हें त्याचें म्हणणें. युक्तिवाद उदात्त आहे. वेल्समधील कुळांस तो परवडण्यासारखा नव्हता. १८७२ च्या जुलैंत कायदा झाला, आणि १५ ऑगस्ट १८७२ रोजीं पॉन्टफ्रॅक्ट येथील पोटनिवडणुकींत पार्लमेंटसाठीं पहिलें गुप्त मतदान झालें. तेथें वापरलेली लांकडी पेटी त्या गांवच्या संग्रहालयांत आहे. तिजवर लाखेंत उमटविलेला शिक्का स्थानिक ज्येष्ठमधाच्या वड्यांवर मारावयाचा होता. नव्या कायद्यान्वयें मतपत्रिका वर्षभर ठेवून मग नष्ट करावयाच्या होत्या. मतनोंदवही तेथेंच संपली. मतदार मोकळा झाला आणि त्याच क्षणीं इतिहासाच्या दृष्टीआड गेला.

याचें एक उदाहरण आपल्या जिव्हाळ्याचें आहे. १८९२ च्या जुलैंत मुंबईचे दादाभाई नवरोजी हे लंडनच्या सेंट्रल फिन्सबरी भागांतून कॉमन्स सभेवर निवडून आले. मताधिक्य इतकें अल्प कीं तें एका हाताच्या बोटांवर मोजावें. त्यावरून 'मिस्टर नॅरो-मेजॉरिटी' असें त्यांच्या नांवाचें विडंबन झालें. १८८८ सालीं पंतप्रधान सॅलिस्बरी यानें त्यांच्या वर्णावरून अनुदार उद्गार काढले होते. त्यानंतर चार वर्षांनीं कोण्या चार-पांच माणसांनीं, पक्ष पाहून कीं तो न पाहतां, लिबरल म्हणून कीं त्या उद्गाराची चीड येऊन, दादाभाईंच्या नांवापुढें खूण केली. हीच निवडणूक पंचवीस वर्षें आधीं झाली असती तर त्यांचीं नांवें, रस्ते व धंदे आज आपल्यापुढें असते. कदाचित् तेव्हां त्यांनीं ती खूण केलीहि नसती.

१८७२ नंतरच्या काळासाठीं दोनच मार्ग उरतात. एक, बेरजांवरून अनुमान. दुसरा, मतदारास जाऊन विचारणें. अमेरिकेंत या दुसऱ्या मार्गानें फार मोठें काम झालें आहे, व तेथें आपण कोणत्याच पक्षाचे नाहीं असें सांगणारांची संख्या मोठी भरते. परंतु १९९२ सालीं तेथील सहा अभ्यासकांनीं मिळून लिहिलेल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, असें सांगणारांस आणखी एक प्रश्न विचारला तर बहुतेक जण कोणत्या तरी पक्षाकडे कल असल्याचें कबूल करतात, आणि मत देतांना त्या पक्षाच्या उघड अनुयायांसारखेच वागतात. खरे अलिप्त थोडे, व त्यांतले पुष्कळ मतदानास जातहि नाहींत. आपल्या क्षेत्रांतील अनुभव याहून काय वेगळा आहे? घराण्याची कैफियत घराण्यानेंच सांगितलेली असली म्हणजे ती कशी वाचावयाची, हें आपण जाणतोंच.

शेवटीं आमच्या स्वतःच्या पाहण्यांतील एका नोंदीविषयीं. शिक्षकांस निवडणुकीचें काम चुकत नाहीं. आम्हांसहि मतदान-केंद्रावर अनेकदां बसावें लागलें. १९६१ च्या निवडणूक-नियमांत ४९-ओ हा नियम होता. ज्यास कोणत्याच उमेदवारास मत द्यावयाचें नाहीं, त्यानें तसें केंद्रावरील अधिकाऱ्यास सांगावयाचें. मग १७-अ या मतदार-नोंदवहींत त्याच्या नांवापुढें तसा शेरा मारून त्याची सही किंवा आंगठा घ्यावयाचा. एका निवडणुकींत एक वयस्क गृहस्थ आले व त्यांनीं शांतपणें हा हक्क मागितला. शेरा लिहून होईपर्यंत खोलींत बसलेल्या सर्व पक्षांच्या प्रतिनिधींनीं माना वळवून त्यांच्याकडे पाहिलें, आणि एकानें आपल्या यादींत कांहीं टिपून घेतलें. ज्यांस मत द्यावयाचें होतें त्यांस पडदा होता. सर्व पक्ष नाकारणाऱ्यास तेवढा नव्हता. म्हणजे आपल्या देशांत, एका कोपऱ्यांत कां होईना, पोल-बुक शिल्लक होतें, आणि तें नेमकें स्वतंत्र मतदाराचेंच होतें.

२७ सप्टेंबर २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें 'पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज' या संस्थेच्या अर्जावर निर्णय देतांना, अशा मतदाराची गुप्तता या नियमानें भंग पावते असें ठरविलें, व यंत्रावर 'वरीलपैकीं कोणीहि नाहीं' असें बटण ठेवण्याची आज्ञा केली. त्याच वर्षाअखेर झालेल्या कांहीं राज्यांच्या विधानसभा-निवडणुकींत तें बटण प्रथम आलें. निर्णय योग्यच होता, याविषयीं आमच्या मनांत तेव्हां संशय नव्हता व आजहि नाहीं. तरी ती बातमी वाचतांना, त्या वयस्क गृहस्थांच्या सहीसारखी सही यापुढें कोणत्याहि वहींत सांपडावयाची नाहीं, हा विचार मनांत येऊन थोडी हळहळ वाटली, हें संग्राहकाचें पाप येथें कबूल करून ठेवतों.